गिलाव्याआधीचे घर

मुलांनो, पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत तुम्ही कधी बसला आहात का? शिवाजीनगर, खडकी आणि दापोडी ही स्थानके मागे पडली, की कासारवाडी येते. लोहमार्गाला लागूनच जुना पुणे-मुंबई रस्ता आहे. जवळच नाशिककडे जाणारा फाटा आहे. पलीकडे पवना नदी वाहते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही औषधांची कंपनी स्थापन झाली. पुढे आसपास मोटारींचे, यंत्रांचे आणि सुट्या भागांचे अनेक कारखाने उभे राहिले. कामासाठी दूरदूरहून माणसे आली आणि येथेच स्थायिक झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मार्च २०२२ मध्ये या भागात मेट्रोही धावू लागली. साहजिकच कासारवाडीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांत सतत कोठे ना कोठे नवे बांधकाम चालू असते.

अशा बांधकामाकडे एकदा नीट पाहा. खांब आणि तुळया उभ्या आहेत. त्यांच्यामध्ये विटांच्या भिंती चढल्या आहेत. खिडक्यांच्या चौकटी बसल्या आहेत. भिंतींतून विजेच्या नळ्यांची आणि पाण्याच्या नळांची टोके डोकावत आहेत. घर अजून उघडेबोडके दिसते. काही दिवसांनी गवंडी येतात, सिमेंट आणि वाळू कालवतात आणि सगळ्या भिंती गिलाव्याने झाकून टाकतात. त्यावर रंग चढतो. मग घर सुंदर दिसू लागते.

'गिलावा' हा शब्द तुम्हांला थोडा ओळखीचा वाटेल. फारसीत आणि उर्दूत 'गिल' म्हणजे माती. पूर्वी भिंतींना चिखलमातीचा लेप देत, त्यावरून हा शब्द मराठीत आला. 'इमारत', 'दरवाजा', 'गच्ची' हे शब्दही असेच त्या भाषांतून आले आहेत. 'मिस्त्री' हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतला आहे. घर बांधायला जशी अनेकांची मदत लागते, तशीच मराठीतील घरबांधणीच्या शब्दांनाही अनेक भाषांची मदत झाली आहे.

नवे घर घेणारी माणसे बहुधा रंग पाहतात, फरशी पाहतात आणि स्वयंपाकाचा ओटा केवढा आहे ते पाहतात. यात काही चूक नाही. पण घर पावसाळ्यात कोरडे राहील की नाही आणि उन्हाळ्यात तापेल की नाही, हे रंगावरून कळत नाही. ते गिलाव्याखाली काय आहे, यावर अवलंबून असते. गिलावा होण्याआधीचे काही दिवस फार महत्त्वाचे असतात ते यासाठीच. त्या दिवसांत घराचे आतले काम डोळ्यांना दिसते. एकदा गिलावा झाला, की ते पुन्हा पाहायचे तर भिंत फोडावी लागते.

घराला कोणकोणत्या गोष्टींपासून आपला बचाव करावा लागतो, ते आधी पाहू. पहिली गोष्ट म्हणजे पाणी. पुण्याकडे साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत राहतो. वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. त्यामुळे पावसाची झड त्या बाजूंच्या भिंतींवर जास्त बसते. दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. दिवसभर तापलेले छत रात्रीही उष्णता सोडत राहते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते. तिसरी गोष्ट म्हणजे धूळ आणि आवाज. एका बाजूला आगगाडी आणि दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता असला, की प्रत्येक फटीतून दोन्ही घरात शिरतात.

आता गिलाव्याआधी घर कसे पाहावे, ते क्रमाने समजून घेऊ. यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक बॅटरी, मोजपट्टी, खडू, एक लांब खिळा, वही आणि पेन एवढे पुरे आहे. छायाचित्र काढता येईल असा मोबाइल असेल तर फारच उत्तम. मात्र बांधकामावर एकट्याने कधीही जाऊ नये. घरातील मोठ्या माणसांबरोबर, तेथील अभियंत्याला किंवा मिस्त्रींना विचारून, डोक्यावर हेल्मेट आणि पायांत भक्कम बूट घालूनच जावे. कठडा नसलेल्या जिन्यापासून आणि उघड्या तारांपासून दूर राहावे.

प्रथम भिंतीकडे वळू. विटांच्या दोन थरांमधील जागेला दरज म्हणतात. ही दरज मसाल्याने पूर्ण भरलेली असली पाहिजे. बॅटरीचा उजेड एका बाजूने टाकला आणि तो दुसऱ्या बाजूला दिसला, तर तेथे आरपार फट आहे असे समजावे. खिळा सहज आत गेला, तर तेथला मसाला कच्चा आहे. सिमेंटला पक्के होण्यासाठी पाणी लागते. म्हणून बांधलेल्या भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. पाणी नीट मारले नसेल, तर मसाला बोटाने खरवडला तरी भुगा होऊन पडतो. चांगल्या भिंतीत दरजांचा पृष्ठभाग मुद्दाम थोडा खरवडून आत घेतलेला असतो. त्यामुळे गिलावा भिंतीला घट्ट धरतो.

भिंत चढवताना गवंडी परांचीवर उभे राहून काम करतात. परांचीचे वासे अडकवण्यासाठी भिंतीत भोके ठेवलेली असतात. काम झाल्यावर ती भोके विटेच्या तुकड्यांनी आणि मसाल्याने ठासून भरली पाहिजेत. काही वेळा ती तशीच राहतात आणि त्यांवर नुसता गिलावा फासला जातो. बाहेरून पाहिले तर भिंत अखंड दिसते. आत मात्र पाण्याला वाट मिळालेली असते.

यापुढे भिंत आणि तुळई जेथे मिळतात, ती जागा पाहावी. वीट आणि काँक्रीट हे दोन वेगळे पदार्थ आहेत. ऊन लागले की दोन्ही प्रसरण पावतात आणि थंडी पडली की आकुंचन पावतात. पण दोघांचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे त्यांच्या सांध्यावरचा गिलावा ताणला जातो आणि तेथे भेग पडते. हे टाळण्यासाठी सांध्यावर तारेची जाळी ठोकतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी ती दिसते, म्हणून कामगार तिला 'चिकन मेश' म्हणतात. ती वीट आणि काँक्रीट या दोहोंवर सारखी पसरलेली आणि खिळ्यांनी ताणून बसवलेली असावी. लोंबकळणारी जाळी असून नसल्यासारखीच असते. भिंतीचा शेवटचा थर आणि वरची तुळई यांच्यामध्ये फट राहिली आहे का, तेही पाहावे. ही फट उंचावर असल्यामुळे सहज नजरेस पडत नाही. शिडीवर चढून पाहण्याचे काम मोठ्यांनी करावे. तुम्ही खाली उभे राहून बॅटरी धरा आणि वहीत नोंद करा.

आता खिडकीपाशी या. पावसाचे पाणी घरात शिरते ते बहुधा येथूनच. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहतेच. ती सर्व बाजूंनी भरलेली आहे का, ते पाहावे. खिडकीच्या तळाशी जी दगडी पट्टी बसवतात, तिला बाहेरच्या बाजूला उतार हवा. तिच्यावर पेलाभर पाणी ओतून पाहा. पाणी बाहेर वाहून गेले, तर उतार बरोबर आहे. पाणी तेथेच साचले किंवा आत आले, तर पावसाळ्यातही तसेच होईल. खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या बाजूस, कडेपासून थोड्या अंतरावर, एक लांब खाच ठेवतात. पाण्याचा थेंब छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकू लागला, की या खाचेपाशी अडतो आणि खाली टपकतो. एवढीशी खाच, पण ती सगळी भिंत कोरडी ठेवते. बाहेरच्या गिलाव्याच्या वेळी ती बुजवली जाणार नाही ना, हे मिस्त्रींना आधीच विचारून ठेवावे.

भिंतीतून आरपार जाणारी प्रत्येक नळी हीही एक संभाव्य फट असते. वातानुकूलन यंत्राची नळी, पाण्याचा नळ किंवा विजेची तार बाहेर नेण्यासाठी भिंतीला भोक पाडतात. ते आतून बाहेर उतरते असावे. उतार उलटा झाला, तर पावसाचे पाणी त्या वाटेने थेट आपल्या पलंगापर्यंत येते. नळी बसवल्यावर तिच्या भोवतीची जागा भरून घ्यावी.

पाण्याचे नळ भिंतीत गाडण्याआधी त्यांची परीक्षा घेतात. सगळ्या तोट्या बंद करून नळांत पाणी भरतात आणि हातपंपाने दाब वाढवतात. पंपाला घड्याळासारखा एक दाबमापक असतो. काही तास त्याचा काटा जागचा हलला नाही, तर नळ ठीक आहेत. काटा हळूहळू खाली आला, तर कोठेतरी गळती आहे. ही परीक्षा आपल्या समोर व्हावी, असे आपण अगोदरच सांगून ठेवू शकतो.

न्हाणीघराची परीक्षा आणखी सोपी आहे. तेथील जमिनीवर पाणी न झिरपण्यासाठी खास थर देतात. तो वाळल्यावर पाणी जाण्याचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवतात आणि ते निदान एक-दोन दिवस तसेच ठेवतात. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहतात. ओलीचा डाग दिसला नाही, तरच फरशी बसवतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या न्हाणीघराची जमीन हेच खालच्या शेजाऱ्याचे छत असते. आपल्याकडचे काम कच्चे राहिले, तर त्रास त्याला होतो. शेजाऱ्यांमधील कितीतरी भांडणे अशा एका ओल्या डागापासून सुरू होतात.

आता गच्चीवर जाऊ. उन्हाचा सर्वांत जास्त मारा छतावरच होतो. उष्णता कशी अडते, हे समजायला स्वेटरचे उदाहरण घ्या. स्वेटर स्वतः गरम नसतो. त्याच्या लोकरीत हवेचे असंख्य लहान कप्पे असतात. कोंडलेल्या हवेतून उष्णता सहज पुढे जात नाही, म्हणून शरीराची ऊब आत राहते. हीच युक्ती उलट बाजूनेही चालते. बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून ठेवतात, तेव्हा बाहेरची उष्णता आत येत नाही. उष्णता अडवणाऱ्या अशा पदार्थांना उष्णतारोधक पदार्थ म्हणतात. तुमच्या घरातील कोणी कारखान्यात काम करीत असेल, तर त्यांना विचारा. वाफेच्या नळांवर काचेच्या बारीक तंतूंच्या लोकरीचे जाड वेष्टण असते. त्या लोकरीला ग्लासवूल म्हणतात. जी वस्तू कारखान्यात वाफेची उष्णता आत राखते, तीच घरात उन्हाची उष्णता बाहेर ठेवते.

थर्माकोल तर तुमच्या चांगलाच परिचयाचा आहे. उष्णता अडवण्याच्या कामात एक इंच जाडीचा थर्माकोल हा जवळजवळ दीड-दोन फूट जाडीच्या विटेच्या भिंतीच्या तोडीचा असतो. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या मोठ्या पांढुरक्या विटाही हल्ली वापरतात. त्यांच्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. त्यामुळे साध्या विटेतून जेवढी उष्णता जाते, तिच्या सुमारे पाव हिश्शाएवढीच त्यांतून जाते. केरळात राहून काम केलेले प्रसिद्ध वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी तर साध्या विटांतूनच हे साधले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून त्यांनी भिंतीच्या पोटात पोकळी ठेवली. अशा भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि घरही थंड राहते.

आपल्याकडे गच्चीवर पूर्वीपासून विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. तो उष्णता थोडी अडवतो, पाणी झिरपू देत नाही आणि गच्चीला उतारही देतो. शंभर फूट लांबीत एक फूट, इतका तरी उतार असावा. म्हणजे पाणी न साचता नळाच्या तोंडाकडे वाहते. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात, तो कोपरा काटकोनी न ठेवता मसाल्याने गोलसर करतात, कारण काटकोनी कोपऱ्यात भेग लवकर पडते. कोब्यावर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर किंवा नुसता पांढरा रंग दिला, तरी उन्हाचा बराच भाग परत फिरतो. पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्यांनाही ही युक्ती उपयोगी पडते.

उष्णतारोधक थर दिला असेल, तर तो सलग आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. हे एका गणिताने समजून घेऊ. समजा, छत १०० चौरस मीटर आहे. थर दिलेल्या प्रत्येक चौरस मीटरमधून उष्णतेचा एक हिस्सा आत येतो आणि थर नसलेल्या चौरस मीटरमधून पाच हिस्से येतात. सगळीकडे थर असेल, तर एकूण १०० हिस्से उष्णता आत येईल. आता त्यांतील १० चौरस मीटर जागा उघडी राहिली, असे धरा. मग ९० चौरस मीटरमधून ९० हिस्से आणि १० चौरस मीटरमधून ५० हिस्से, असे एकूण १४० हिस्से आत येतील. जागा फक्त दहावा भाग सुटली, पण उष्णता चाळीस टक्क्यांनी वाढली! म्हणून थराचे तुकडे एकमेकांना भिडलेले आहेत का, कोपरे भरलेले आहेत का आणि तो कोठे दबलेला किंवा भिजलेला नाही ना, हे झाकण्यापूर्वीच पाहावे. ग्लासवूल भिजली किंवा दाबली गेली, की तिच्यातील हवा निघून जाते आणि तिचा उपयोग राहत नाही. थर्माकोल तर आगीत झटकन पेटतो. म्हणून तो उघडा कधीच ठेवू नये.

थंड देशांत ही पाहणी आणखी काटेकोरपणे करतात. कॅनडा आणि अमेरिका या देशांत पुष्कळ घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्याच्या पोकळीत ग्लासवूल भरतात आणि आतून जिप्समचे तक्ते ठोकतात. आपल्याकडे ज्या तक्त्यांचे खोटे छत करतात, त्यांच्याच जातीचे ते असतात. तक्ते ठोकण्याआधी प्रत्येक फट भरली आहे का, हे तपासले जाते. तेथे एक मजेदार परीक्षाही घेतात. दारात मोठा पंखा घट्ट बसवून घरातली हवा बाहेर ओढतात. आतला आणि बाहेरचा दाब यांत ५० पास्कल इतका फरक निर्माण करतात. मग जेथे जेथे फट असेल, तेथून बाहेरची हवा सू सू करीत आत येते. हात फिरवला तरी ती कळते. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर ती जागा वेगळ्या रंगाची दिसते. तेथे ही काळजी घेण्याचे कारणही मोठे आहे. घरातील उबदार आणि दमट हवा फटीतून थंड भिंतीच्या पोटात गेली, की तिचे पाणी होते. मग लाकूड कुजते आणि बुरशी वाढते.

आपल्या देशातही याचा विचार होऊ लागला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. घराच्या आत आणि बाहेर तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या प्रत्येक चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असे तिच्यात म्हटले आहे. नुसत्या काँक्रीटच्या छतातून तीन वॅटहून अधिक उष्णता जाते. यावरून उघड्या छताखालची खोली एवढी का तापते, ते तुमच्या लक्षात येईल.

पण मुलांनो, फटी बुजवणे म्हणजे घर डब्यासारखे बंद करणे नव्हे. नको तेथली फट बुजवावी आणि हवी तेथली खिडकी उघडी ठेवावी. स्वयंपाकघराचा धूर आणि न्हाणीघराची वाफ बाहेर गेलीच पाहिजे. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र असेल, तर ही गोष्ट जिवाशी येते. गॅस जळताना ताजी हवा पुरेशी मिळाली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. माणूस नकळत बेशुद्ध पडतो आणि प्राणालाही मुकतो. म्हणून असे यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे चांगले. न्हाणीघराची हवेची जाळी थंडीचे निमित्त करून कागदाने किंवा पुठ्ठ्याने कधीही बंद करू नये. गिलाव्याआधीच्या पाहणीत ही जाळी बसवायची जागा ठेवली आहे का, हेही अवश्य पाहावे.

पाहणी करताना जी उणीव दिसेल, तिच्याभोवती खडूने गोल काढावा, तिला क्रमांक द्यावा आणि वहीत लिहावे. उदाहरणार्थ, 'क्रमांक ३ : पश्चिमेची खिडकी, उजवीकडील वरचा कोपरा, बोटभर फट.' मग ती यादी अभियंत्याकडे द्यावी आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा येऊन पाहावे. सगळे ठीक झाले, की प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून छायाचित्र काढावे. नळ जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि विजेची नळी कोठून गेली आहे, हे त्यात दिसले पाहिजे. पुढे भिंतीत खिळा ठोकायची वेळ आली, की या छायाचित्रांची किंमत कळते. विजेच्या तारेत किंवा पाण्याच्या नळात खिळा जाण्याचा धोका त्यांमुळे टळतो.

काही जण म्हणतील, "एवढी खटपट कशाला? घरात काही बिघडले तर कायदा आहेच." कायदा आहे, हे खरे आहे. केंद्र सरकारने २०१६ साली घरबांधणीच्या व्यवसायाविषयी कायदा केला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला, तर तो बांधणाऱ्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, असे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रात यासाठी २०१७ सालापासून 'महारेरा' हे प्राधिकरण काम करीत आहे. हा मोठा आधार आहे. पण दुरुस्तीसाठी राहते घर फोडावे लागते, सामान हलवावे लागते, धूळ खावी लागते. आणि ओलीचा डाग एका जागी दिसत असला, तरी पाणी दुसरीकडूनच आलेले असू शकते. ते शोधता शोधता पावसाळा निघून जातो. गिलाव्याआधी जी फट मूठभर मसाल्याने बुजली असती, तिच्यासाठी नंतर अख्खी भिंत उकरावी लागते.

कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबासाठी घर ही आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. बँकेचे कर्ज पंधरा-वीस वर्षे फेडावे लागते. त्या घरात ओल आली, तर नुसता रंग खराब होत नाही. ओलसर भिंतीवर बुरशी धरते. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना तिचा त्रास होतो. पुस्तके आणि कपडे कुबट होतात. घरातील म्हाताऱ्या माणसांना तर उन्हाळ्यात तापलेल्या छताखाली दुपार काढणे असह्य होते. म्हणून एका सकाळची ही पाहणी पुढच्या कितीतरी वर्षांच्या उपयोगाची असते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पाहणी म्हणजे गवंड्यावर अविश्वास नव्हे. तो उन्हातान्हात परांचीवर उभा राहून आपले घर बांधतो. आपण त्याला आदराने 'मिस्त्री' म्हणून हाक मारावी आणि हे असे का केले, ते असे का नाही, हे विचारावे. चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात. त्याने सरळ रचलेले विटांचे थर, नीट भरलेल्या दरजा आणि ताणून बसवलेली जाळी हे सारे कौशल्य गिलाव्याखाली कायमचे झाकले जाणार असते. ते झाकण्याआधी कोणी आवर्जून पाहिले आणि "मिस्त्री, काम छान झाले आहे," असे म्हटले, तर त्यालाही समाधान वाटते. जेथे काम पाहिले जाते, तेथे ते अधिक मन लावून होते.

पुढच्या वेळी कासारवाडीत किंवा तुमच्या गावात विटांच्या उघड्या भिंती दिसल्या, तर क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहा. कोणत्या बाजूने पाऊस येईल, ऊन कोठे पडेल आणि पाणी कोणत्या वाटेने आत शिरू पाहील, याचा विचार करा. तुमच्या घराचे किंवा नात्यातील कोणाच्या घराचे काम चालू असेल, तर मोठ्यांना आठवण करून द्या, "गिलावा होण्याआधी एकदा पाहून येऊ या." आणि हो, बॅटरी आणि खडू बरोबर घ्यायला विसरू नका.

स्वाध्याय

१. गिलावा होण्याआधीच घराची पाहणी का करावी?
२. वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर तारेची जाळी का ठोकतात?
३. छज्जाखालच्या खाचेचा उपयोग तुमच्या शब्दांत सांगा.
४. छताच्या १०० चौरस मीटरपैकी २० चौरस मीटर जागा उघडी राहिली, तर किती हिस्से उष्णता आत येईल? पाठातील गणिताप्रमाणे काढा.
५. 'फटी बुजवणे म्हणजे घर डब्यासारखे बंद करणे नव्हे,' असे लेखात का म्हटले आहे?
६. गिलावा, इमारत, दरवाजा, गच्ची यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द लिहा.